हवेचे कपडे

नोव्हेंबरातल्या पुण्यात पहाटे सहाला पारा १४-१५ अंशांवर असतो. त्याच दिवशी दुपारी दोनला तो ३० अंशांना टेकतो. सकाळी कानटोपी घालून दूध आणायला निघालेला माणूस दुपारी सावलीसावलीनं रस्ता ओलांडतो. ऑगस्टात याच शहरात दिवस आणि रात्र यांच्यात जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक होता. तीन महिन्यांत शहर जागचं हललेलं नाही, उंची तीच, टेकड्या त्याच. मग एकाच दिवसात दोन ऋतू मावायला लागले कसे?

उत्तर डोक्यावर आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपात आभाळाकडे सोडत असते. पावसाळ्यात वर ढग असतात, हवेत वाफ असते. ही वाफ त्या किरणांना अडवते, शोषते आणि बरीचशी उष्णता पुन्हा खाली पाठवते. ऑक्टोबरात मॉन्सून माघारी फिरतो, आभाळ निवळतं, हवा कोरडी होते आणि जमिनीची उष्णता थेट अंतराळाच्या वाटेला लागते. कोजागरीचं लख्ख चांदणं आणि दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर वाजणारी थंडी या दोन्हींमागे हेच एक कारण आहे. दिवसा पुन्हा तीच कोरडी हवा आणि तेच निरभ्र आभाळ सूर्याला मोकळी वाट देतं. मुंबईला हा अनुभव येत नाही. तिथं समुद्र आणि त्याची दमट हवा रात्रीचा पारा नोव्हेंबरातही फारसा खाली उतरू देत नाही. ही कसरत खरी आपल्या देशावरची: पुणे, नाशिक, नगर, सोलापूर.

आणि ती कसरत रोज सकाळी कपाटासमोर सुरू होते. काय घालायचं? सकाळच्या गारठ्याला पुरेल ते दुपारी नकोसं होतं, दुपारी बरं वाटेल ते सकाळी कुडकुडवतं. माणसं हा निर्णय कशावरून घेतात, हे कुणी मोजून पाहिलं असेल असं वाटतं का तुम्हाला? पाहिलं आहे! स्टेफानो स्कियाव्हॉन आणि क्वांग हो ली या संशोधकांनी २०१३ साली ऑफिसात काम करणाऱ्यांच्या कपड्यांच्या हजारो नोंदी तपासल्या. कोण किती कपडे घालून आलं याचा अंदाज बांधायला सकाळी सहाचं बाहेरचं तापमान चांगलं उपयोगी पडतं, असं त्यांना आढळलं. ऑफिस उघडण्याच्या कितीतरी आधीचं ते तापमान! इमारती किती गार-गरम ठेवाव्यात हे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲश्रे संस्थेच्या मानकातही ही रीत घेतली गेली. म्हणजे दुपारी तीनला तुमच्या अंगावर जे असतं, त्यातलं बरंचसं पहाटेनं ठरवलेलं असतं. कार्तिकात पहाट आणि दुपार यांच्यात १५ अंशांची दरी असते, म्हणून आपली फसगत होते.

ही दरी ओलांडायची तर आधी एक विचित्र गोष्ट मान्य करावी लागते. कपडे गरम नसतात. स्वेटर रात्रभर खुंटीला टांगून ठेवा, सकाळी तो खोलीइतकाच थंड असेल. ऊब येते ती आपल्यातून. स्वस्थ बसलेलं मोठं माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं आणि बाहेर १५. ही उष्णता बाहेर धावणारच. तिला किती वेगानं जाऊ द्यायचं, एवढंच कपडा ठरवतो.

बरं, तिला अडवतं कोण? सूत? लोकर? नाही! कापसाच्या तंतूतून उष्णता हवेपेक्षा कितीतरी पट सहज वाहते. लोकरीच्या तंतूचीही तीच गत. पाण्यातून तर हवेच्या सुमारे २५ पट. आपल्या हाताशी असलेल्या साध्यासुध्या पदार्थांत उष्णतेला सगळ्यात नेटानं रोखणारी वस्तू म्हणजे हवा, फक्त ती जागेवर थांबलेली असायला हवी. हवेची खोड अशी, की जरा तापली की ती हलकी होऊन वर निघते आणि तिच्या जागी गार हवा येते. तिला जागच्या जागी धरून ठेवायला बारीक बारीक अडथळ्यांचं रान लागतं. कापड म्हणजे ते रान. स्वेटर हातात घेऊन उजेडाकडे धरा. धाग्यांमधून उजेड दिसतो, धागा स्वतः पिंजलेला, त्या पिंजलेपणातही पोकळ्या. तुम्ही पैसे लोकरीचे दिलेत, पण त्या आकारमानातला बहुतेक भाग हवेचा आहे. थंडीत आपण अंगावर चढवतो ती हवाच.

याहून मोठं आश्चर्य पुढं आहे. १९४१ साली गॅगे, बर्टन आणि बॅझेट या तीन शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजायला एक एकक सुचवलं, क्लो. २१ अंशांच्या, वारा नसलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो. ढोबळमानानं हा त्या काळातला साहेबी सूट. या मापानं साधी पँट पाव क्लोच्या आतबाहेर, पूर्ण बाह्यांचा शर्ट तेवढाच, पातळ स्वेटरही तेवढाच. टीशर्ट यांच्या निम्म्याहूनही कमी. आणि अंगावर काहीच नसेल तर? तर शून्य यायला हवं. पण तसं येत नाही! उघड्या त्वचेला बिलगून काही मिलिमीटर जाडीचा स्थिर हवेचा थर असतो, आणि वारा नसेल तर एकट्या त्या थराची ऊब पाऊण क्लोच्या घरात जाते. शर्ट आणि पँट मिळून देतात त्याहून जास्त. जन्मल्या दिवसापासून आपण सगळे हा एक अदृश्य पोशाख घालून वावरतो आहोत, आणि कुठल्याही दुकानात आपण विकत घेतलेल्या बहुतेक कपड्यांपेक्षा तो उबदार आहे.

आता स्कूटरवर बसा. चाळीसच्या वेगानं निघा. पहिल्या चौकापर्यंत तो पोशाख वाऱ्यानं ओरबाडून नेलेला असतो. त्वचेलगतचा थर इतका पातळ होतो की त्याची ऊब जेमतेम उरते. शिवाय वारा स्वेटरच्या टाक्यांतून आत घुसतो आणि तिथं साठवलेली हवाही पळवतो. जाडजूड विणीचा महागडा स्वेटर घालूनही सकाळी दुचाकीवर छातीत गारवा शिरतो, तो यामुळे. स्वेटर हवा धरून ठेवतो, वारा अडवत नाही. वारा अडवायला दाट विणीचं पातळ कापड लागतं, मग त्याला स्वतःची ऊब नसली तरी चालतं. म्हणून स्वेटरवर एक साधं, आतून अस्तरही नसलेलं जर्किन चढवलं की चमत्कार होतो. जर्किननं स्वतः फार काही केलेलं नसतं. त्यानं फक्त स्वेटरमधली हवा स्वेटरला परत केलेली असते.

सकाळी सहा-साडेसहाला रस्त्यावर जर्किन उलटं घालून, म्हणजे चेन पाठीवर घेऊन जाणारे दुचाकीस्वार पाहिलेत? पाहणाऱ्याला ते विचित्र वाटतं, पण त्यात अचूक भौतिकशास्त्र आहे. वारा समोरून येतो, चेनच्या फटीतून शिरतो, म्हणून फटच मागे नेली. वर्तमानपत्राची घडी शर्टाच्या आत छातीशी धरणं ही त्याच जातीची युक्ती. टूर द फ्रान्सच्या शर्यतीत घाटमाथ्यावर पोचलेले सायकलपटू उतरणीआधी प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत खुपसत असत. कागदाची जाडी ती किती! पण वारा आरपार जाऊ शकत नाही, तेवढ्यानं काम भागतं.

मग एकच जाड कपडा चांगला की दोन पातळ? दोन पातळ, आणि याचं कारण केवळ काढता-घालता येतात हे नाही. दोन कपड्यांच्या मध्ये हवेचा आणखी एक थर फुकट मिळतो. मात्र वरचा कपडा इतका तंग नको की तो आतल्याला चेपून टाकेल. चेपला की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. गेल्या वर्षीचा तंग झालेला स्वेटर यंदा कमी उबदार वाटतो तो जुना झाला म्हणूनच नव्हे, आत हवेला जागा उरली नाही म्हणूनही.

इथं मला स्वतःला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट सांगतो. त्या पातळ स्वेटरची ऊब अंशांमध्ये किती? स्वस्थ बसला असाल तर दीड-दोन अंश. म्हणजे तो घातल्यावर खोली दीड-दोन अंशांनी गार झाली तरी तुम्हाला फरक कळणार नाही. पण उठून झपाझप चालायला लागा. शरीर आता १००ऐवजी ३०० वॉटच्या आसपास उष्णता सोडतं. अडथळा तोच, पण त्यातून जाऊ पाहणारी उष्णता तिप्पट. साहजिकच आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरकही तिप्पट होऊ पाहतो. तोच स्वेटर आता चार-पाच अंशांचा होतो! कपडा बदलला नाही, धागा वाढला नाही, आणि केवळ चालण्यामुळे स्वेटर जाड झाल्यासारखा वाटतो. चालताना थोडी हवा आतबाहेर होते, त्यामुळे हिशेब थोडा कमी भरतो, पण दिशा तीच.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या सकाळी चढणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पायथ्याशी सगळी मंडळी गुरफटलेली असतात, निम्म्या वाटेवर स्वेटर कमरेला बांधलेले दिसतात. पायथ्याशी थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत, असं खुशाल समजावं. तिथंच उबदार वाटलं, तर वर पोचेपर्यंत बनियन भिजलेलं असणार.

आणि भिजणं इथं साधंसुधं नाही. घामाचा प्रत्येक ग्रॅम वाळताना अंगातून सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम घाम वाळला, की तुमच्या स्वस्थ शरीराची दोन मिनिटांची सगळी उष्णता गेली! दुपारच्या तिशीत ही देणगी आहे. पहाटेच्या पंधरा अंशांत, टेकडीच्या माथ्यावर वाऱ्यात उभं असताना, तीच महागात पडते. वर ओल्या सुती बनियनच्या पोकळ्यांत आता हवेऐवजी पाणी भरलेलं असतं, आणि पाणी उष्णता २५ पट वेगानं पळवतं हे आपण आत्ताच पाहिलं. चढताना घामेजलेला माणूस माथ्यावर दोन मिनिटांत शहारतो. म्हणून चढायच्या आधीच एक थर काढावा. घाम आल्यावर काढला तर उशीर झालेला असतो.

सुती कपड्याची ही एक खोड सांगितली, तर त्याचं कौतुकही करायलाच हवं. कारण ज्या दिवसांत आपण हा सगळा खल करतो, नेमक्या त्याच दिवसांत विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात कापसाची वेचणी सुरू असते. बोंडं फुटलेली असतात, रानं पांढरी झालेली असतात. त्या बोंडातला एक तंतू चिमटीत धरा. तीनेक सेंटिमीटर लांब. हा तंतू म्हणजे किती पेशी असतील? लाख? हजार? एक! सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवसाच्या सुमारास ती लांबायला लागते आणि लांबतच जाते, जाडीच्या हजारपटीहूनही लांब. तीनेक आठवडे लांबल्यावर ती आतून स्वतःला थरावर थर सेल्युलोज चढवते. बोंड फुटतं, ऊन लागतं, पेशीतलं पाणी उडून जातं, आणि पोकळ नळी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. या नैसर्गिक पिळामुळे तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून सूत कातता येतं. एका सरकीवर असे हजारो तंतू. दोनशे ग्रॅमचा एक साधा सुती शर्ट घ्या, तर त्यात काही कोटी तंतू भरतात. कोट्यवधी पेशी, प्रत्येक एखाद्या शेतात, एखाद्या बोंडात स्वतंत्र वाढलेली, आणि आपण बाही दुमडताना त्यातल्या लाखोंची घडी घालतो!

आतल्या थराला सूत का उत्तम, हेही याच पेशीत आहे. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. दमट नसलेल्या साध्या हवेतही कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल बाळगून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. बसल्याजागी अंगातून सतत बाष्प निघत असतं, आपल्याला जाणवतही नाही असं. सूत ते टिपून घेतं, म्हणून दिवसभराच्या वावराला ते मऊ आणि कोरडं वाटतं. धावायला किंवा चढायला जाणार असाल तर मात्र पॉलिस्टरचे खेळाचे कपडे सरस. तिथं तंतू स्वतः पाणी पीत नाहीत, त्यांच्यामधल्या बारीक फटींतून ते बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि पसरून लवकर वाळतं. दिवस कसा जाणार त्यावर आतला कपडा ठरतो, वरचा नव्हे.

लोकर मात्र या सगळ्यांत निराळी. तिच्या तंतूची बाहेरची बाजू पाण्याला झिडकारते आणि आतला गाभा बाष्प पितो. वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पिऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. आणि पिताना ती उष्णता सोडते! कोरड्या घरातून दवाच्या पहाटेत पाऊल टाकलंत की लोकर हवेतली ओल टिपायला लागते आणि टिपता टिपता किंचित तापते. सुरुवातीला मी म्हटलं की कपडे गरम नसतात. हा एक छोटासा, सुंदर अपवाद. तंतू जन्मतःच नागमोडी असल्यानं दोन तंतू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मध्ये हवा राहतेच, दाबली तरी परत फुगते.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, गळ्याशी टोचते, तिचे मऊ स्वेटर होत नाहीत. पण तिचं घोंगडं पाहा. खड्ड्याच्या मागावर विणलेलं, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेलं. राठ तंतूंमुळे ते चेपत नाही, खळीमुळे वारा अडतो, आणि लोकरीमुळे दव वरच्यावर राहतं. हवा धरणारा आणि वारा थोपवणारा, असे दोन थर आपण स्वेटर आणि जर्किन असे वेगवेगळे घालतो. मेंढरांमागे रात्र उघड्यावर काढणाऱ्या धनगराच्या खांद्यावर ते दोन्ही एकाच घडीत असतात. दुपारी तीच घडी बसायला खाली अंथरायची.

शहरात दिवाळीच्या आसपास रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात. त्यांच्याकडचा माल बहुतेक लुधियानाच्या होजियरीचा असतो. तिथं जाल तेव्हा जाडी पाहून स्वेटर निवडू नका, असं मी कळकळीनं सांगेन. जाड, बंद गळ्याचा स्वेटर उत्तरेतल्या थंडीसाठी आहे, तिथं दिवसभर तो अंगावरून काढावा लागत नाही. आपल्याला हवा असतो पुढून बटणांचा, पातळ, पिशवीत मावेल असा. बटणं का, तर ती उघडता येतात. अंगालगतची तापलेली हवा वर चढते आणि गळ्यातून निसटते. वरचं बटण लावलं की ती आत राहते, उघडलं की खालून गार हवा ओढली जाते. एका बटणाच्या अंतरावर अर्धा ऋतू बदलतो! मफलर एवढासा असून इतका उबदार का, याचंही उत्तर हेच. तो गळा झाकतो, आणि वर बाकीच्या सगळ्या कपड्यांचं तोंडही बांधतो. डोक्यातून अंगातली निम्मी उष्णता जाते हे मात्र खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्याएवढं, फार तर तेवढीच उष्णता तिथून जाते. पण कान आणि चेहरा थंडीला फार हळवे असतात, म्हणून कानटोपी घातली की सगळंच अंग सुखावल्यासारखं वाटतं.

बाह्या दुमडण्याची किमया तर वेगळीच. तळहात, बोटं, कान, नाक इथल्या त्वचेखाली रक्ताचे खास आडमार्ग असतात. शरीराला उष्णता टाकायची असली की मेंदू ते उघडतो आणि गरम रक्त थेट त्वचेलगत येतं. टाकायची नसली की बंद करतो, म्हणून थंडीत आधी बोटं गार पडतात. हात झाकून किंवा उघडे ठेवून ही उष्णता आपल्यालाही कमीजास्त सोडता येते. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट किंवा कुडता मला या दिवसांतला सर्वांत शहाणा कपडा वाटतो तो यासाठी. सकाळी मनगटाशी बटण लावा, दुपारी कोपरापर्यंत दुमडा. सैल असेल तर चालताना तो भात्यासारखा आतली हवा बदलत राहतो. अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला बाह्यांची ही किमया जमत नाही.

पण बदलत्या दिवसाशी जुळवून घेणाऱ्या कपड्यांत पहिला मान मी साडीला देईन. हे प्रेमानं म्हणतोच, पण यामागे मोजमापही आहे. संशोधक माधवी इंद्रगंटी आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या आकाराचा, आतून तापवता येणारा पुतळा घेतला आणि त्याला साड्या नेसवल्या. पुतळ्याला ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती वीज लागते, त्यावरून कपड्याची ऊब कळते. शर्ट-पँटची मापं जगानं कधीच काढून ठेवली होती, आपल्या नेसण्याची फारशी कुणी काढली नव्हती. आणि निघालं काय? साडी तीच, पण नेसण्याची आणि पदर घेण्याची तऱ्हा बदलली की ऊब बदलते, आणि चांगली मोजण्याइतकी बदलते!

थोडं डोळे उघडून पाहिलं तर हे रोज समोर घडत असतं. कमरेभोवती निऱ्यांचे पदर एकावर एक, त्यांच्यामध्ये हवेच्या उभ्या घड्या. परकर, त्यावर साडीचा फेरा, त्यावर निऱ्या. धडाचा खालचा भाग चांगला उबदार, पाठ-पोट मोकळं. पहाटे अंगणात उभी असलेली आजी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून पुढं घट्ट धरते. पदर डोक्यावरून घेतला की गळ्याकडून निसटणारी हवाही अडली. ऊन चढलं, कामाला लागली, की तोच पदर पाठीवरून फिरून कमरेला खोचला जातो. दंड मोकळे, मान मोकळी, हवा खेळती. शेतात निंदायला वाकलेल्या बाईच्या नऊवारीचा काष्टा पाय वेगळे करतो, हालचालीबरोबर आत वारा जातो. एकच सलग कापड, शिवण नाही, बटण नाही, आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहराला त्याची ऊब वेगळी. आपण थरावर थर चढवून आणि उतरवून जे साधतो, ते साडी एका हाताच्या हालचालीत साधते. ओढणीतही यातलं बरंच आहे, म्हणून थंडीची चाहूल लागली की मोठी, सुती, घडी घालून गळ्याभोवती दोनदा फिरेल अशी ओढणी काढून ठेवावी.

या सगळ्याची रोजची परीक्षा पाहायची असेल तर सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटणारी डेक्कन क्वीन गाठावी. १९३० पासून ही गाडी माणसांना एका हवामानातून उचलून दुसऱ्यात नेऊन सोडते आहे. पासधारक मंडळी स्टेशनावर स्कूटर लावतात, जर्किन डिकीत टाकतात, कारण गाडीत वारा नाही आणि वारा नसेल तर त्या जर्किनचं काम संपलं. डब्यात पातळ स्वेटर, गळ्यात मफलर. लोणावळा गेलं की गाडी खंडाळ्याचा घाट उतरते, कर्जतपर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त. खाली हवेचा दाब अधिक, हवा दाट, आणि साधारण दर शंभर मीटरला अर्ध्या-पाऊण अंशानं उबदार. त्यात दिवस वर आलेला, समुद्र जवळ आलेला. स्वेटर एकेक करून पिशव्यांत जायला लागतात. साडेदहाच्या आत मुंबईत उतरताना अंगावर फक्त आतला सुती शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिथल्या दमट हवेत घाम सहजी वाळत नाही, म्हणून तो शर्ट सैल आणि विरळ विणीचाच हवा. पुण्याच्या पहाटेसाठी जाड शर्ट घातलेला नवखा प्रवासी दादरलाच हैराण झालेला असतो. आतला थर मुंबईसाठी निवडायचा आणि वरचे पुण्यासाठी, हे जुन्या पासधारकांना पाठ असतं.

संध्याकाळी पाचनंतर हीच गाडी उलटी निघते. घाट चढताना स्वेटर पुन्हा अंगावर येतो. साडेआठच्या सुमाराला पुण्यात उतरल्यावर डिकीतलं जर्किन काढायचं, ते बाहेरच्या हवेइतकं गार असतं, आणि चेन पाठीवर घेऊन चढवायचं.